मोहोळचं जर्मन पॅनल

मोहोळात बीएमडब्ल्यूची एम-५ कुणाकडे आहे असं माझ्या तरी ऐकिवात नाही. मर्सिडीजची सी-६३ही नाही. पण या दोन गाड्यांवरून एकमेकांकडे संक्रांतीचा तिळगूळ बंद झालेली माणसं मात्र आहेत, आणि ती सगळी दिवसभर माझ्याच दुकानात बसलेली असतात.

माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, अंगठा लावून करायची केवायसी, शिवाय झेरॉक्स आणि लॅमिनेशन. अशा दुकानात काम कमी आणि बसणं जास्त. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणतो की शाळेत बाईंनी नऊ सक्कं किती विचारलं, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी तेच उत्तर दिलं. सर्व्हर डाऊन झाला म्हणून कुणी घरी जात नाही. गेलं तर नंबर जातो. ही गर्दी शांत राहावी म्हणून मी एकदा संगणकावर दोन जर्मन गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ लावला. तेव्हापासून गर्दी शांत राहिलेली नाही.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमचा सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. ज्या माणसाचं नाव एकदा कारखान्याच्या मतदारयादीत गेलं, त्याच्यापुढे कुठल्याही दोन गोष्टी ठेवा, तो आधी पॅनल उभं करतो आणि मग त्या गोष्टी काय आहेत ते विचारतो. तसंच झालं. तात्यांनी म्युनिकचं पॅनल उभं केलं, अण्णांनी स्टुटगार्टचं. चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारा पिंट्या इंगोलस्टाटच्या ऑडीकडून अपक्ष राहिला. अपक्षाला दोन्हीकडून चहा मिळतो, हे त्याला वडिलांनी शिकवलेलं होतं.

तात्यांची बारा एकर बागायत. त्यांची बीएमडब्ल्यूवरची निष्ठा तांत्रिक नाही, कौटुंबिक आहे. कंपनीचा ‘एम’ विभाग १९७२ साली सुरू झाला आणि तात्याही बहात्तरच्या दुष्काळातले. “आमच्या आयनं सुकडी खाऊन मला जगिवला, त्याच साली ती बी जल्मली,” असं ते पाठच्या बहिणीबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यात गाडीच्या तोंडाला जी दोन जाळ्यांची नक्षी असते तिला जगभर मूत्रपिंडांचं नाव आहे, हे पिंट्यानं सांगितलं. तात्यांचा मुतखडा सोलापुरात काढलेला. नातं आणखी घट्ट झालं.

अण्णा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे मर्सिडीजचा विषय काढायची सोय नाही, कारण त्यांचं म्हणणं असं की आयुष्यभर आपण मर्सिडीजच चालवली. यात तथ्य नाही म्हणावं तर इतिहास आडवा येतो. १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला होता आणि तेव्हाच्या टाटांच्या ट्रकच्या नाकावर तो तीन टोकांचा तारा झळकायचा. अण्णा नोकरीला लागले तोवर करार संपला होता, पण त्यांच्या मते इंजिनाला करार कळत नाही. “तारा काढला म्हणून रगत बदलतंय व्हय?”

भांडण कशावरून? शून्यापासून ताशी शंभरवर जायला सी-६३ला ३.४ सेकंद लागतात, नव्या एम-५ला ३.५. एक दशांश सेकंदाचा तंटा. त्यातही मौज अशी की आधीची एम-५, २०१७ साली आलेली, ३.४ सेकंदांतच शंभर गाठायची. नवीन हायब्रिड आली, ताकद ६०० वरून ७२७ हॉर्सपॉवर झाली, आणि बॅटरीपायी वजन २४०० किलोच्या वर गेल्यामुळे सगळं मुसळ केरात. अण्णा हे दर दोन दिवसांनी नव्यानं सांगतात.

“वजन असल्याबिगर मान मिळतो का कुठं?” तात्या म्हणतात. ते स्वतः नव्वद किलोचे आहेत.

एक दशांश सेकंद म्हणजे नेमका किती, हे सभेला कळावं म्हणून मी मोबाईलवरचं स्टॉपवॉच सुरू करून लगोलग बंद केलं. माझं बोट जर्मन नसल्यामुळे सात दशांश निघाले. “म्हंजे एवढ्यात सात बीएमडब्ल्यू मागं पडल्या,” अण्णा समाधानानं म्हणाले. गणित चुकीचं होतं, पण समोर तात्या असताना अण्णांना गणित सांगणं म्हणजे पक्ष घेतल्यासारखं होतं. मी लॅमिनेशन मशीन पुसत राहिलो.

तात्यांचा हुकमी एक्का वेगळाच आहे. जुन्या सी-६३ला आठ सिलिंडरांचं दणदणीत इंजिन होतं. नवीला दोन लिटरचं, चार सिलिंडरांचं, जोडीला विजेची मोटर. दोन्ही मिळून ६८० हॉर्सपॉवर होतात, पण तात्या मोटर मोजत नाहीत. त्यांच्या मते मोटर विहिरीवर असते.

“माझ्या ट्रॅक्टरला सिलिंडर तीन. तुमच्या एक कोटी पंच्याण्णव लाखाच्या गाडीला चार. एका सिलिंडरपायी पावणेदोन कोट?”

अण्णांकडे याला उत्तर नव्हतं. सबंध दुपार ते नुसते पंख्याकडे बघत बसले. मला वाईट वाटलं. ज्या माणसानं गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांमधून विनाअपघात एसटी काढली, त्याला परदेशातल्या कुणीतरी चार सिलिंडर वाचवून असं तोंडघशी पाडावं!

सभेला वळण दिलं ते एका काकूंनी. पीककर्जासाठी सातबारा काढायला त्या सकाळपासून बसल्या होत्या. पदर खोचून त्या म्हणाल्या, “आवो, त्या सेकंदाचं ऱ्हाऊ द्या. डिकीत युरियाच्या गोण्या किती बसत्यात?”

गंमत म्हणजे जगातल्या कुठल्याच जाणकारानं या गाड्यांची अशी परीक्षा घेतलेली नाही. ते बिचारे जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या वीसएक किलोमीटरच्या वळणांवर गाडी पळवतात आणि घड्याळ बघतात. मी कागद घेतला. सी-६३ची बॅटरी मागच्या बाजूला, म्हणून डिकी सुमारे २८० लिटरची. एम-५ची ४६६. युरियाची गोणी हल्ली पंचेचाळीस किलोची, साधारण साठ लिटर जागा खाते. म्हणजे मर्सिडीजमध्ये जेमतेम चार, बीएमडब्ल्यूत रेटून सात. तात्यांनी तिथल्या तिथं सगळ्यांना चहा सांगितला.

“सात गोण्या देतंय कोण?” अण्णा उसळले. “दुकानदार दोन देतो आन् वर लिंकिंगची बाटली गळ्यात मारतो. चार लई झाल्या.”

हा मुद्दा तात्यांनाही खोडता आला नाही.

मग वेग. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागावर वेगाला मर्यादा नाही, पण तिथल्या कंपन्यांनी आपसात समजुतीनं गाड्या ताशी २५० किलोमीटरला अडवून ठेवल्या. त्यापुढे जायचं तर वेगळे पैसे भरून कुलूप उघडून घ्यायचं, मग एम-५ ३०५ पर्यंत जाते. अण्णांना हे ऐकून भरून आलं. “गव्हर्नर! आमच्या गाडीला बी असायचा. आमाला फुकट बसवून द्यायचे, हितं काढायचे पैसे घेत्यात.”

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. पंढरपूर इथून चाळीसेक किलोमीटर. अडीचशेनं गेलं की दहा मिनिटांच्या आत विठोबाच्या दारात.

“आन् फुडं दर्शनबारीत?” काकू.

“एकादशी असली की... बारा-पंधरा तास.”

“मग आमची जीप काय वाईट हाय?”

रस्त्यांची बाजू मांडायला हवी, नाहीतर मोहोळवर अन्याय होईल. पुणे-सोलापूर महामार्ग दारावरून जातो. दिवेघाटापासून निघणारा ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग मोहोळलाच येऊन टेकतो. तेव्हा गाडी मोहोळपर्यंत झोकात येईल, प्रश्न मोहोळात शिरल्यावरचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अंगानं अगदी हळुवार चढणारा असावा. आमच्याकडचा गतिरोधक ज्याच्या दारासमोर असतो त्याच्या रागाच्या मापाचा असतो. कुणाची शेळी थोडक्यात वाचली की दुसऱ्या दिवशी तिथं मुरूम आणि सिमेंट. पिंट्यानं एकदा माझ्या दुकानातली पंधरा सेंटिमीटरची पट्टी उभी धरून माप घ्यायला घेतलं. पट्टी संपली, गतिरोधक संपला नाही.

या सगळ्यात ज्याच्याजवळ खरंच दोन कोटी निघतील असा एकच माणूस माझ्याकडे येतो. तो गुत्तेदार आहे. रस्त्यांची, पाझर तलावांची कामं घेतो. निविदेचे कागद स्कॅन करायला आला असताना दोन्ही पॅनलांनी त्याला घेरलं. म्हटलं, निवाडा करा. त्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या फॉर्च्युनरकडे बोट केलं.

“ह्या असल्या बुटक्या गाडीतनं माणूस बाहेर पडताना खालनं वर येतो. मांडवात लोकं बघत असताना माणसानं वरनं खाली उतरायचं असतं.”

एवढं बोलून तो फॉर्च्युनरमध्ये चढला. खरोखरच चढला, पायरीवर पाय देऊन, दांडा धरून. मला वाटतं, आमच्या जिल्ह्यात म्युनिक आणि स्टुटगार्टचा धंदा का वाढत नाही यावर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. पण पॅनलांवर परिणाम शून्य. त्यांनी एकमतानं ठरवलं की गुत्तेदाराला गाडीतलं कळत नाही.

गाडी नसली म्हणून गाडीवाल्याची दुःखं चुकत नाहीत. २०२५च्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात मोटार वाहन कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाख झाली. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. “आमी काय सरकारचं घोडं मारलंय? एक कोटी नव्व्याण्णव लाखाच्या गाडीवर आता टॅक्सच पंचवीस लाखाच्या वर!” मी म्हटलं, “तात्या, तुमच्या ट्रॅक्टरच्या विम्याची मुदत गेल्या महिन्यात संपलीय.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अर्थमंत्र्यांचा माणूस आहे.

अण्णा मात्र खुशीत होते. सी-६३ तेव्हा चार लाखांनी स्वस्त पडत होती. हे चार लाख वाचवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पुढे आठवडाभर होता. पेन्शनच्या दिवशीसुद्धा मी त्यांना इतकं प्रसन्न पाहिलेलं नाही.

मग पिंट्यानं औरंगाबादची गोष्ट काढली. २०१० साली तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींच्या आसपासचा सौदा, आणि एकगठ्ठा खरेदी म्हणून भावही पाडून घेतला होता. देशभर बातम्या झाल्या. पिंट्याचं म्हणणं, ते जमवू शकतात तर मोहोळ का नाही? ऑडी तर औरंगाबादजवळ शेंद्र्यालाच जुळवतात, म्हणजे घरचीच. मर्सिडीज चाकणला. “आन् बीएमडब्ल्यू मद्रासला,” अण्णा तात्यांकडे बघून म्हणाले, “परप्रांतीय.” एम-५ काय, सी-६३ काय, जर्मनीहून तयार होऊनच येतात, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर तात्यांनी खुर्ची मागं सारली होती आणि खुर्ची माझी होती.

तरी ‘मोहोळ गट खरेदी’ची यादी करायचं ठरलं. मी छापील नमुना करून दिला: नाव, गाव, गट नंबर, पसंतीची गाडी, भरणार असलेली रक्कम. पहिल्या चार रकान्यांत झुंबड उडाली. पाचव्या रकान्यात एकानं ‘ऊसबिल आल्यावर’ लिहिलं आणि खालच्या सगळ्यांनी ‘वरीलप्रमाणे’.

आणि अशात ती आली.

दुपारची वेळ, सर्व्हर नेहमीप्रमाणे विश्रांतीला गेलेला. पंढरपूरकडून एक निळी सेडान हळूहळू, एका अंगाला कललेली आली आणि दुकानासमोरच्या पंक्चरवाल्याकडे थांबली. तोंडावर ती दोन मूत्रपिंडं. मागं डिकीच्या उजव्या बाजूला तीन रंगांच्या पट्ट्या आणि पुढं ‘एम-५’. तात्या उठले. धोतराचा सोगा आवरून ते रस्ता ओलांडताना मी पाहिलं, तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. बहुधा रामरक्षा म्हणत असावेत. त्यांच्यामागे म्युनिक पॅनल, त्यांच्यामागे ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत स्टुटगार्ट पॅनल, आणि शेवटी मी, दुकान उघडं टाकून.

तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं, तरी काढला नाही. “बघा अण्णा,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “आठ सिलिंडर.”

अण्णा काही बोलले नाहीत. कान मात्र त्यांनी बॉनेटकडे केला होता. ड्रायव्हरनं गाडी अजून बंद केलेली नव्हती. थोड्या वेळानं अण्णा एवढंच म्हणाले, “डिझेल हाय.”

“काय बोलता!”

“तीस वर्सं ऐकलंय. डिझेलच हाय.”

पिंट्या तोवर रस्त्यावर पालथा पडून मागून बघत होता. कपडे झटकत उठला. “तात्या, खऱ्या एमला धुराड्याच्या चार नळ्या असत्यात. हिला दोनच हायत.”

ड्रायव्हर पोरगा भला होता. त्यानं खिडकीतून बाहेर वाकून खालच्या आवाजात खुलासा केला. गाडी ५२० डी. दोन लिटरचं डिझेल, १९० हॉर्सपॉवर. मागचा आकडा त्यानंच खरवडून काढला आणि त्या जागी ‘एम-५’ लावला. ऑनलाइन मागवला, साडेतीनशे रुपये.

“शेठना माहितीय?” मी विचारलं.

“शेठना गाडीचा रंग माहितीय.”

शेठ मागच्या सीटवर झोपलेले होते. तुळशीची माळ, मांडीवर प्रसादाच्या लाह्यांची पुडी. जगभरातल्या अभियंत्यांनी दशांश सेकंदासाठी जिवाचं रान करावं, चालकाच्या हाताला स्टिअरिंगमधून रस्ता कळावा म्हणून वर्षं घालवावीत, आणि ज्यानं पैसे मोजले त्यानं मागं घोरावं, हे दृश्य पिंट्याला बघवेना. त्यानं काचेवर टकटक केली. शेठ जागे झाले. तात्यांनी अखेरची आशा म्हणून विचारलं, “साहेब, शंभरला किती सेकंदात जाते?”

“शंभर?” शेठ दचकून ड्रायव्हरकडे बघायला लागले. “ऐंशीच्या वर नेऊ नको म्हणून सांगितलंय ना तुला?”

पंक्चर निघालं, टायरमध्ये बाभळीचा काटा नव्हे, चांगला बोटभर खिळा होता. गाडी गेली. मला वाटलं होतं अण्णा आता तात्यांना दिवसभर सोलून काढतील. पण ते गप्प होते. त्यांच्या चेहऱ्यावर निवडणुकीत डिपॉझिट गेलेल्या विरोधकाबद्दल असते तसली माया होती. तात्या बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

“साडेतीनशेला कुठं मिळतो म्हणाला रं?”

गट खरेदीची यादी तयारच होती. पाचवा रकाना या वेळी एका तासात भरला, तोही रोख. औरंगाबादप्रमाणेच एकगठ्ठा मागणी असल्यामुळे आम्हीही भाव पाडून घेतला: नगाला दोनशे ऐंशी. मोहोळला जर्मन माल आला.

तात्यांच्या ट्रॅक्टरवर ‘एम’ लागला. ‘५’ पाकिटातून कमी आला होता, तो रेडियमवाल्याकडून कापून घेतला, त्यामुळे रात्री नुसताच ‘५’ चमकतो. ट्रॉलीवर ‘आई-वडिलांची पुण्याई’ आधीपासून होतं, ते तसंच ठेवलं. पिंट्याच्या स्प्लेंडरवर ऑडीचं ‘आरएस’ आलं. गुत्तेदारानंही एक नग गुपचूप नेला. कुठला नेला ते विचारू नका, गिऱ्हाइकाची गुपितं सांभाळणं हा आमचा धंदा आहे.

अण्णांच्या एम-८०वर मर्सिडीजचं ‘एएमजी’ आलं, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी कुठून तरी वाचून काढलं होतं की अफाल्टरबाखला एएमजीचं एक इंजिन एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवतो आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावतो. आपल्या इंजिनालाही सही पाहिजे. एम-८०चं इंजिन गेली कित्येक वर्षं स्टँडमागचा एकच मिस्त्री खोलतो आणि बसवतो, तेव्हा अट पुरी होत होती. अण्णा त्याच्याकडे गाडी घेऊन गेले आणि सही मागितली.

मिस्त्रीला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता. त्यानं हात रॉकेलनं धुतले, ऑइलपेंटचा डबा आणि बारका ब्रश मागवला, आणि इंजिनवर वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मग जागा उरली म्हणून खाली मोबाईल नंबर, आणि त्याच्याखाली लाल रंगात, ‘मागील बाकी रु. ४२० येणे’.